मुदत संपल्यानंतरची सत्ता

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातले गाव. यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिर आणि तिथली पुष्करणी पाहायला बाहेरचे लोक येतात. गावातल्या माणसाची कामे मात्र ग्रामपंचायत, बारामतीची पंचायत समिती, पुण्याची जिल्हा परिषद, तहसील, प्रांत, पाटबंधारे आणि महावितरण अशा दारांत अडलेली असतात. यांपैकी पहिली तीन दारे त्याच्या मतावर चालावीत, अशी राज्यघटनेची योजना आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याने जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला मत दिले. मार्च २०२२ मध्ये त्या सभागृहांची मुदत संपली. मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले आणि पंचायत समितीचा कारभार गटविकास अधिकाऱ्याकडे गेला. विषय मांडणारा, मंजुरी देणारा आणि अंमलबजावणी करणारा माणूस एकच झाला. २०२५ संपत आले तरी पुणे जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता.

घटनेच्या २४३-ई या कलमात संदिग्ध असे काही नाही. पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून एक दिवस जास्त नाही. नवी निवडणूक जुनी मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. मधेच बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत. इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलेली मर्यादा पावणेचार वर्षे मोडलेली राहिली, आणि ती अमुक दिवशी अमुक आदेशाने मोडली असे कुणालाही बोट ठेवून दाखवता येत नाही. कार्यकारी सत्तेवरच्या घटनात्मक मर्यादांचा आढावा घ्यायचा तर या विचित्र गोष्टीपासूनच सुरुवात करावी लागते. माझे मत असे की, सरकारने किंवा अधिकाऱ्याने काढलेला चुकीचा आदेश अडवण्याची आपली यंत्रणा पंचाहत्तर वर्षांत बरीच धारदार झाली आहे. सरकार काहीच करत नसेल तर त्याला हलवणारी यंत्रणा जवळपास नाही, आणि हुशार सरकारांना हे केव्हाच कळून चुकले आहे.

आधी आदेशांची बाजू पाहू. कार्यकारी सत्ता म्हणजे नेमके काय, याची व्याख्या घटनेत नाही. ज्या विषयांवर राज्याचे विधिमंडळ कायदा करू शकते त्या विषयांपर्यंत राज्य सरकारची सत्ता पोचते, एवढेच कलम १६२ सांगते. म्हणजे प्रत्येक जीआरला कायद्याचा आधार लागतोच असे नाही. पंजाबातल्या पाठ्यपुस्तकांवरून झालेल्या राम जवाया कपूर खटल्यात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. पण नागरिकाचा हक्क जिथे हिरावला जातो तिथे नुसता जीआर चालत नाही, कायदा लागतो. कलम १४ मधली समानता, २१ मधले जीवित आणि स्वातंत्र्य, ३००-अ मधली मालमत्ता आणि उच्च न्यायालयाचे दार उघडणारे २२६, एवढ्या चौकटीत तलाठ्यापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळे बसतात. घटनेचा शब्दही न बदलता, केवळ प्रशासनाची रीत बदलून घटना निकामी करता येते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना दिला होता. प्रशासनाचे इतके बारीक तपशील घटनेत का घातले, याचे त्यांचे समर्थन हेच होते. त्याच भाषणात त्यांनी खेडे हा राज्यकारभाराचा घटक मानण्याची कल्पना मात्र झिडकारली. खेड्यांना घटनेत भक्कम जागा मिळायला २४ एप्रिल १९९३ उजाडावा लागला. त्या दिवशी ७३ वी दुरुस्ती अमलात आली.

या विषयातले काही पायाभूत निकाल मुंबईच्या भांडणांतून आले आहेत. अंधेरीत सिनेमागृह बांधायला पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि पुढे ती रद्द केली. रद्द करण्याच्या पत्रात, सरकारच्या निर्देशावरून कळवत आहोत, असा मजकूर होता. १९५१ मध्ये गोरधनदास भानजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र रद्दबातल ठरवले. कायद्याने अधिकार आयुक्ताला दिला असेल तर निर्णय त्याने स्वतः विचार करून घेतला पाहिजे. आणि आदेशाचा अर्थ आदेशातल्या शब्दांवरून लावायचा, नंतर प्रतिज्ञापत्रात केलेल्या सारवासारवीवरून नाही. कचेरीत आजही ‘वरून फोन आलाय’ हे कारण म्हणून सांगितले जाते. सांगणाऱ्याला ठाऊक नसेल, पण हे कारण बेकायदा ठरून सत्तर वर्षे उलटली आहेत.

फोनवरून तर पुढे स्वतंत्र प्रकरणच झाले. २००६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सावकारीविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या आणि सावकार कुटुंबातला मुलगा आमदार होता. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात फोन गेला, त्याची नोंद स्टेशन डायरीत झाली, आणि या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हा समितीपुढे ठेवाव्यात असे निर्देश जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचले. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा दंड केला. उच्च न्यायालयाने आधी केलेला दंड पंचवीस हजारांचा होता. डायरीत नोंद करणारा तो पोलीस कर्मचारी या सगळ्या कथेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याने दोन ओळी लिहिल्या नसत्या तर घटनेच्या सगळ्या कलमांना धरायला काही सापडले नसते.

मुख्यमंत्र्याला दुसऱ्या मंत्र्याच्या खात्यातही हवे तसे शिरता येत नाही, हे तर अनेक राजकारण्यांनाही नवे वाटले. कलम १६६ खाली केलेल्या कार्यनियमावलीत कोणते काम कुणाचे हे ठरलेले असते. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या नोकरभरतीला नोव्हेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी स्थगिती दिली. ही बाब सहकार मंत्र्याची, मुख्यमंत्र्याला त्यात हस्तक्षेपाचा स्वतंत्र अधिकार नाही, असे म्हणत मार्च २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने ती स्थगिती रद्द केली.

१९७९ चा रामण्णा शेट्टी खटला मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या कंत्राटाचा. निविदेत अनुभवाची अट होती आणि ती पुरी न करणाऱ्याला प्राधिकरणाने कंत्राट दिले. सरकारी प्राधिकरण स्वतः घातलेल्या अटीला स्वतः बांधील असते, हे तत्त्व न्यायमूर्ती भगवतींनी इथे ठामपणे मांडले आणि आज टेंडरच्या प्रत्येक भांडणात ते उद्धृत होते. एक गोष्ट मात्र वकील सहसा सांगत नाहीत. अर्जदाराला त्या खटल्यात काहीच मिळाले नाही. तो उशिरा आला होता आणि तोवर कंत्राटदाराने खर्च करून टाकला होता, म्हणून न्यायालयाने कंत्राट तसेच ठेवले. तत्त्व जिंकले आणि वेळ हरला, असे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

पुण्याच्या जवळचे आणि अगदी ताजे उदाहरण कोंढवा बुद्रुकचे आहे. १८७९ पासून राखीव वन म्हणून नोंदलेली ११.८९ हेक्टर जमीन १९९८ मध्ये शेतीसाठी एका कुटुंबाला दिली गेली, तिथून ती गृहनिर्माण संस्थेकडे गेली आणि २००७ मध्ये तिच्यावर बांधकामाला पर्यावरण मंजुरीही मिळाली. १५ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हे सारे रद्द केले आणि तत्कालीन महसूल मंत्री व विभागीय आयुक्त यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला असे नोंदवले. निकाल कडक आहे. तो यायला सत्तावीस वर्षे लागली.

घर पाडण्याच्या प्रश्नात ओल्गा टेलिस खटल्याने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावरच्या माणसाला उपजीविकेचा हक्क मिळवून दिला. नोव्हेंबर २०२४ च्या बुलडोझर निकालाने पंधरा दिवसांची नोटीस आणि अधिकाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी ही कलमे जोडली. त्यावर इतके लिहून झाले आहे की इथे थांबत नाही. गावाच्या दृष्टीने त्याहून जवळचा प्रश्न सरपंचाच्या खुर्चीचा आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ३९ नुसार गैरवर्तनाच्या कारणावरून विभागीय आयुक्त सरपंचाला काढू शकतो आणि त्यावरचे अपील राज्य सरकारकडे, म्हणजे व्यवहारात मंत्र्याकडे जाते. कलम १४ मध्ये अपात्रतेची यादी आहे आणि सरकारी जागेवरचे अतिक्रमण तिच्यात येते. तो निर्णय जिल्हाधिकाऱ्याचा. गावातल्या राजकारणाची रीत माहीत असलेल्या कुणालाही सांगायला नको की निवडणूक हरलेला गट या कलमांकडे दुसरी फेरी म्हणून पाहतो. मोजणीचा नकाशा, नमुना आठचा उतारा, सासऱ्याच्या नावावरचे घर, सगळे बाहेर निघते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहते या आरोपावरून अपात्र ठरवले गेले. जिल्हाधिकारी, आयुक्त, उच्च न्यायालय सगळ्यांनी ते कायम केले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत खुर्चीत बसवले आणि बाई सरपंच झालेली न पटणाऱ्या मानसिकतेला प्रशासनानेही साथ दिली, अशा अर्थाची टिप्पणी केली. त्याआधी २०१२ मध्ये उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात, निवडून आलेल्या माणसाला काढणे ही सरकारी नोकराची बदली करण्याइतकी सोपी गोष्ट नाही, त्याला काढताना कार्यपद्धती काटेकोर पाळली पाहिजे, हे न्यायालयाने सांगून ठेवलेच होते. तरीही विचखेड्याला दिल्लीपर्यंत जावे लागले. सरपंचाची मुदत पाच वर्षांची. दिल्ली गाठेपर्यंत त्यातली किती उरते, याचा हिशेब विरोधी गटाला पक्का ठाऊक असतो.

आता मुदतीकडे वळू, कारण खरी गोची तिथे आहे.

२०२० च्या साथीत राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींची मुदत संपत होती आणि निवडणुका घेणे शक्य नव्हते. ही अडचण खरी होती, त्यात कुणाचे कपट नव्हते. पण सरकारने उपाय असा काढला की, योग्य व्यक्तीला प्रशासक नेमावे आणि नेमणूक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने करावी. पालकमंत्री हे पद घटनेत नाही. त्याच्या सल्ल्याने गावावर बसणारी व्यक्ती कोण असणार, हे गावोगाव लोकांनी लगेच ओळखले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अंतरिम आदेश देऊन प्रशासक सरकारी अधिकारीच असावा, असे बजावले. पुढे १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले आणि हा विषय मिटला. इथे मर्यादा टिकली. कारणे दोन: सरकारने काहीतरी लिहून काढले होते, त्यामुळे न्यायालयाला पकडायला कागद होता, आणि साथ ओसरल्यावर निवडणूक लांबवायला दुसरे निमित्त हाताशी नव्हते.

जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपरिषदा आणि महापालिकांना मात्र निमित्त सापडले. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्थानिक संस्थांतले ओबीसी आरक्षण द्यायचे तर समर्पित आयोग, त्याने गोळा केलेली माहिती आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा, या तिन्ही कसोट्या पार कराव्या लागतील. या कसोट्या २०१० च्या कृष्णमूर्ती निकालातल्या. म्हणजे अकरा वर्षे सरकारांना, सगळ्या पक्षांच्या सरकारांना, माहिती गोळा करायला सवड होती. सप्टेंबर २०२१ मध्ये अध्यादेश निघाला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने ओबीसी जागांपुरती त्याची अंमलबजावणी थांबवली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. सत्ताधारी आणि विरोधक त्या दिवशी इतक्या सलोख्याने वागले की संशय यावा. ४ मे २०२२ रोजी न्यायालयाने आयोगाला जुन्या रचनेवर पुढे जायला सांगितले. जुलैमध्ये ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या समर्पित बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारून दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करायला सांगितले. तोवर सरकार बदलले होते. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने जुन्या सरकारने वाढवलेली सदस्यसंख्या पुन्हा खाली आणली. मुंबई महापालिकेचेच पाहा: जागा २२७ च्या २३६ झाल्या होत्या, त्या परत २२७. २२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला, पाच आठवड्यांसाठी.

ते पाच आठवडे ६ मे २०२५ पर्यंत चालले.

या काळात न्यायालयात तारखांवर तारखा पडल्या. राज्य सरकार घाईत नव्हते. राज्य निवडणूक आयुक्तांचे पद सप्टेंबर २०२४ मध्ये रिकामे झाले ते जानेवारी २०२५ मध्ये भरले. २४३-के कलमाने आयोगाला स्वतंत्र केले आहे, आयुक्ताला हटवायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकी कठीण प्रक्रिया ठेवली आहे. पण खुर्ची रिकामी ठेवण्याविरुद्ध त्यात एक शब्द नाही. (महाराष्ट्रात या पदाची शान तशीही नाजूकच. २००८ मध्ये विधानसभेने हक्कभंगाच्या प्रकरणात तेव्हाचे आयुक्त नंदलाल यांना तुरुंगात पाठवले होते.) अहमदाबादच्या किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, मुदतीत निवडणूक घेणे आयोगाचे घटनात्मक कर्तव्य आहे, सरकार सहकार्य करत नसेल तर त्याने न्यायालयात जावे. महाराष्ट्राच्या आयोगाने या सल्ल्याचा पुरेसा उपयोग केला, असे म्हणवत नाही. आणि ज्या न्यायालयाने तो सल्ला दिला त्याच्याच ‘जैसे थे’मुळे पावणेतीन वर्षे गेली, हेही सांगितले पाहिजे. दिरंगाईच्या या प्रकरणात न्यायसंस्था नुसती पंच नव्हती.

६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने चार आठवड्यांत अधिसूचना काढण्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये आयोगाला खडसावत मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबर २०२५ ला झाले. बारामती नगरपरिषदेचे मात्र उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांमुळे २० डिसेंबरला गेले.

या काळात नुकसान काय झाले? पैशाचे एक सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला, अशी महाराष्ट्रातली वाटणी होती. आयोगाची अट अशी होती की, निवडून आलेले मंडळ नसलेल्या संस्थेला हे पैसे नाहीत. दुसरे नुकसान मोजता येत नाही. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य उठून, माझ्या गटातल्या शाळेचे छप्पर का गळते, असे विचारतो तेव्हा अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते आणि ते इतिवृत्तात येते. प्रशासकाच्या सभेत प्रश्न विचारणारा कोणी नसतो. मग गावचा माणूस आमदाराकडे जातो, आमदार पालकमंत्र्याकडे, आणि जिल्ह्याचा सगळा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या वाटेने वरून खाली येऊ लागतो. वरचे सरकार बदलले की काय होते याचा अनुभव बारामतीने घेतला आहे. जुलै २०२२ मध्ये नगरविकास खात्याच्या ज्या ९४१ कोटींच्या कामांना स्थगिती मिळाली, त्यांतली २४५ कोटींची कामे बारामती नगरपरिषदेची असल्याच्या बातम्या होत्या. बारामतीला आधी झुकते माप मिळाले होते, असे स्थगितीचे समर्थक म्हणाले. ते खरे असेलही. दोन्ही वेळा निर्णय एका टेबलावरच झाला, ही माझी तक्रार.

पाण्याची गोष्ट याहून जुनी आणि या पट्ट्यात याहून तीव्र. नीरेच्या कालव्यावरचा बागायती बारामतीकर आणि जानाई-शिरसाई किंवा पुरंदर उपशाच्या आवर्तनाची वाट पाहणारा जिरायती बारामतीकर हे एकाच तालुक्यात दोन वेगळ्या जगांत राहतात. पाणी कुणी वाटावे यासाठी राज्याने २००५ मध्ये कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापले. त्यामागची कल्पना चांगली होती. वाटप मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता सुनावणी घेणाऱ्या, कारणे लिहिणाऱ्या संस्थेकडे द्यायचे. प्रत्यक्षात कायदा झाल्यावरही मंत्र्याच्या अध्यक्षतेखालची उच्चाधिकार समिती धरणांचे पाणी उद्योगांना देतच राहिली. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी ते उघडकीला आणले, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा २०११ मध्ये सरकारने कायदाच बदलला. कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे मंत्रिमंडळ ठरवील असे लिहिले आणि मागचे निर्णय पाठीमागून वैध करून घेतले. अमेरिकेत सध्या उलटा वाद आहे. तिथे नियामक संस्था फार शिरजोर झाल्याची ओरड असते, आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावताना या संस्थांचे मत मानण्याची चाळीस वर्षांची शेवरॉनची प्रथा मोडीत काढली. आपल्याकडे नियामक संस्था शिरजोर व्हायला आधी तिने उभे राहायला हवे.

ती उभी राहिली की काय होते, हेही दिसले आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याबाबत आदेश दिला. तुटीच्या वर्षी तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची, हे तत्त्व कायद्यात होतेच. दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश मान्य केला. नगरचा शेतकरी आजही त्यावर नाराज आहे, पण आदेशात कारणे आहेत आणि त्या कारणांशी भांडता येते.

नीरा देवघरच्या पाण्याबाबत असे भांडता आले नाही. डाव्या कालव्याला जास्त पाणी देणारा करार २०१७ मध्ये संपला. जून २०१९ मध्ये सरकारने ते जास्तीचे पाणी उजव्या कालव्याकडे, फलटण आणि माळशिरसकडे वळवले. फेब्रुवारी २०२० मध्ये पुढच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने डाव्याला ५५ आणि उजव्याला ४५ टक्के असे वाटप ठरवले. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी ५ टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला, सोलापूर जिल्हा पेटला आणि मे महिन्यात तोच आदेश रद्द झाला. कोणत्या बाजूचा दावा खरा होता, हे मला इथे ठरवायचे नाही. कोणाचे सरकार आहे आणि कोणाचा मोर्चा मोठा आहे, यावर तिन्ही वेळा पाणी फिरले. २०१४ च्या लोकसभा प्रचारात मासाळवाडीच्या एका सभेवरून, मत न दिल्यास गावाचे पाणी तोडण्याची धमकी दिल्याचा आरोप गाजला होता. तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी तो नाकारला. मला त्यात खटकते ते वेगळेच. एका माणसाच्या शब्दावर गावाचे पाणी तुटू शकते, हे ऐकणाऱ्या कुणालाही अशक्य वाटले नाही.

वरच्या पातळीवरही चित्र हेच. अध्यादेश पुन्हापुन्हा काढून विधिमंडळाला बगल देण्याची युक्ती पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. डी. सी. वाधवांनी उघडी पाडली. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ दरम्यान २५६ अध्यादेश असे जिवंत ठेवले गेल्याचे त्यांनी राजपत्रे चाळून मांडले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनेशी प्रतारणा ठरवली. इथे पुन्हा कागद होता. विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त १२ जागांच्या वेळी कागदच नव्हता. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये नावे पाठवली आणि राज्यपालांनी होय किंवा नाही काहीच म्हटले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. पण राज्यपालांना थेट आदेश देता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले. पुढे सरकार बदलले आणि नव्या सरकारने २०२२ मध्ये यादीच मागे घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने विधेयकांबाबत राज्यपालांना ठरावीक मुदत घालता येणार नाही असे म्हटले. फार काळ विनाकारण काहीच केले नाही तर निर्णय घ्या एवढे सांगता येईल, काय निर्णय घ्या ते नाही.

खालच्या कर्मचाऱ्याला मात्र मुदती आहेत. अण्णा हजारेंच्या आंदोलनांतून आलेला, लोक ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो २००५ चा कायदा सांगतो की, सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखला वेळेत न देणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. उत्पन्नाचा दाखला उशिरा देणारा दंडाला पात्र ठरतो. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळपास चार वर्षे उशिरा होऊ देणारा कोणीच ठरत नाही. २४३-ई मध्ये मुदत आहे, पण मुदत उलटली तर काय, हे लिहिलेले नाही. मुदतीआधीच्या शेवटच्या वर्षात प्रभागरचना आणि सदस्यसंख्या बदलायची नाही, रचना रखडली तर मागच्याच रचनेवर मतदान घ्यायचे, आणि प्रशासकाला सहा महिन्यांनंतर नवी धोरणात्मक मंजुरी देता येणार नाही, एवढे तीन नियम राज्याच्या कायद्यात घालायला घटनादुरुस्ती लागत नाही. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या सुरेश महाजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास याच दिशेने पाऊल टाकले होते. महाराष्ट्राच्या विधिमंडळात कोणत्याही पक्षाने असे विधेयक आणलेले नाही, आणि ते का आणलेले नाही हे समजायला फार राजकारण कळावे लागत नाही.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे असे आले की, ५७ नगरपरिषदा आणि नगरपंचायतींमध्ये आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेले आहे. न्यायालयाने निवडणूक थांबवली नाही, पण तिथले निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील, असे सांगितले. म्हणजे इतक्या वर्षांनी निवडून आलेल्या नगरसेवकाच्या पदावर टांगती अट आहे. त्याच्या आधी त्याच इमारतीत बसून प्रशासकाने दिलेल्या मंजुऱ्यांना या आदेशात तशी कोणतीही अट नाही.